ठाकुर्लीला मी स्वतःलाच बाहेर बसवलं

पोरींनो, या, जरा जवळ सरका. अशा दाराला टेकून, एक चप्पल पायात ठेवून ऐकणार असाल तर मी सांगणारच नाही. आणि ते फोन आधी पालथे घाला. मैदानावर तुमच्यामागे ओरडून ओरडून घसा बसला माझा, आता लिहितानाही ओरडायला लावू नका. परवा तुमच्यातल्याच एकीनं, नाव घेत नाही, तिचं तिला कळेल, आपल्या ग्रुपवर लिहिलं की शेवंतीताई जन्मल्या त्याच मॅनेजर म्हणून. पाळण्यात रडायच्या नाहीत, सूचना द्यायच्या. आणि तुम्ही सगळ्या हसलात! अंगठे काय, बदाम काय! अगं, काही वाटतं का तुम्हाला? सहा वर्षं कॅप्टन होते मी. पगारी कॅप्टन! अख्ख्या कोपरीत फुटबॉल खेळायचे पैसे घेणारी पहिली बाई मी होते, आणि माझ्या बाजूनं चेंडू न्यायचा म्हणजे समोरच्या पोरी आधी देवाचं नाव घ्यायच्या. बाहेर बसून ओरडायला मी नंतर लागले. ज्या दिवशी लागले तो दिवस मला आजही इतका लख्ख आठवतो की सांगायला घेतलं की बसवत नाही, उभं राहूनच सांगावं लागतं. तेव्हा ऐका.

आमचं घर कोपरीत, खाडीच्या अंगाला. आज तिथं उभ्या राहिलात तर तुम्हाला टॉवर दिसतील, त्यांचे गेट दिसतील, गेटवर तुम्हालाच अडवणारा वॉचमन दिसेल. तेव्हा आमच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की आधी भाताची चार शेतं, मग बांध, आणि बांधापलीकडे नजर जाईल तिथवर मिठागर. पहाटे जाग यायची ती आईच्या बांगड्यांनी. तांदळाची भाकरी ती हातावर थापायची आणि बांगड्या एका ठेक्यात वाजायच्या. ठेका बिघडला की आम्ही पोरं ओळखायचो, आई आज कुणावर तरी चिडलीय, गुपचूप उठा. माझे दोन मोठे भाऊ ओहोटीला चिखलात जाऊन निवट्या धरून आणायचे. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारी बारकी मासळी. पातेल्यात टाकली तरी तिच्या उड्या थांबत नाहीत. आई झाकणावर वरवंटा ठेवायची आणि आतून धडधड, धडधड चालू. त्या आवाजावर आमची भूक वाढायची. चुलतबहीण सुमन आमच्यातच वाढलेली, माझ्याहून एका वर्षानं लहान. आणि एक आत्या. नवऱ्याशी भांडून आठ दिवसांसाठी माहेरी आलेली, ती तीस वर्षं राहिली. आत्याचा आवाज असा की तिनं ओट्यावरून हाक मारली तर पलीकडच्या मुलुंडच्या मिठागरातली माणसंही वळून बघायची.

बाबा मिठागरावर मुकादम होते. आता तुम्हाला वाटतं मीठ म्हणजे समुद्राचं पाणी अडवायचं, ऊन खायला द्यायचं, झालं. तसं नसतं गं. पावसाळ्यात सगळं मिठागर पाण्याखाली जातं, आणि पाऊस सरला की प्रत्येक वाफ्याची जमीन नव्यानं घट्ट करावी लागते. ती करायची पायांनी. दहा-बारा माणसं खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहायची, आणि चिखल तुडवत एक-एक पाऊल पुढे जायची, या बांधापासून त्या बांधापर्यंत, दिवसभर. गंमत अशी की सगळ्यांची टाच एका वेळी पडली पाहिजे. एक जरी माणूस मागे राहिला तर तिथं खळगा पडतो, खळग्यात पाणी साचतं, आणि त्या जागचं मीठ काळं पडतं. व्यापारी मग अख्ख्या राशीला नाक मुरडतो. म्हणून बांधावर उभं राहून बाबा हाक द्यायचे. "हाऽऽऽ" असं लांबवायचे, सगळ्यांचा श्वास त्या 'हा'वर अडकायचा, आणि मग एकदम "टाच!" बारा टाचा, एक आवाज. मी नि सुमन दहा-बारा वर्षांच्या असल्यापासून त्या ओळीत जायचो. पोटऱ्या अशा झालेल्या की वहिनीनं एकदा लाटणं मारून बघितलं, लाटणंच उडालं.

एकदा मी बाबांना टोमणा मारला. दुपारी भाकरी खायला बसलो होतो, माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात आणि बाबांचं धोतर पांढरं शुभ्र. म्हटलं, "बाबा, तुमचं बरं हाय. आमी तुडवायचं आनि तुमी नुसता वरडायचा." आईनं माझ्याकडे डोळे वटारले. बाबा काही चिडले नाहीत. सुकटीचा घास भाकरीत दाबत म्हणाले, "गो बाय, मी वाफ्यात उतरलो ना, का मना फकत माजेच पाय दिसतान. बांधावशी मना मधली जागा दिसते." मला काही कळलं नाही. मी म्हटलं, कामचुकार माणूस बोलायला मात्र हुशार, आणि दुसरी भाकरी घेतली.

फुटबॉल आमच्यात आला तो भात कापून झाल्यावरच्या शेतात. भाऊ खेळायचे, त्यांना एक गडी कमी पडायचा, म्हणून मी. मग मी त्यांना भारी पडायला लागले, म्हणून मला काढलं. म्हणून मग मी आणि सुमननं पोरींचीच टोळी केली. बूट नाहीत, भाताचे खुंट टोचायचे, पण आमच्या पायांना खुंट म्हणजे गुदगुल्या! आणि त्याच सुमाराला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या मालकाच्या मुलीला मुलींच्या फुटबॉलचं वेड लागलं. कारखाना रबरी वायसरचा. तिनं बापाच्या मागे लागून मुलींचा संघ काढला. कामावर घेणार, पॅकिंगला, पण तीन वाजता सोडणार ते सरावाला. आमचे कोच म्हणजे तिथलेच लेथवरचे एक ऑपरेटर, तरुणपणी गोव्यात खेळलेले. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सरांनी मला अर्धा तास खेळताना बघितलं आणि विचारलं, "उद्यापासून येतेस?" मी सुमनलाही घेऊन गेले. वर्षभरात कॅप्टन झाले. पहिला पगार आणून बाबांच्या पायाशी ठेवला तर त्यांनी तो बोटानं लांब सरकवला आणि आईला म्हणाले, "चेंडूला लाथ मारल्याचा पगार? कोन देतं? नीट चौकशी कर." आईनं आत्याला पाठवलं चौकशीला. आत्या कारखान्याच्या गेटवर इतकी मोठ्यानं चौकशी करून आली की दुसऱ्या दिवशी मालक स्वतः येऊन मला म्हणाला, "तुझ्या घरच्यांना सांग, चहाला या, पण हळू बोला."

तर असं सगळं मजेत चाललेलं, आणि दिव्याहून स्थळ आलं. मुलगा बरा होता हो, मी काही नावं ठेवत नाही. रेल्वेत चिकटलेला, घरची शेती. पण त्यांनी निरोप धाडला की पोरगी पसंत आहे, तिचं ते चड्डी घालून पळणं मात्र बंद करा, कामावरचं नाव काढा आणि मग साखरपुडा ठरवू. भाऊकीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. मी जेवण सोडलं. माझ्यासारखी खादाड पोरगी दोन वेळा उपाशी राहिली म्हटल्यावर घरात खळबळ! आई बाबांना म्हणाली, "तुमी तिला खेलताना बगितलाय तरी का एकदा?"  तिसऱ्या दिवशी बाबा ओट्यावर बसून विडी पेटवत म्हणाले, "एक डाव बगीन. काय हाय तां डोल्यांनी बगीन. मंग ठरवीन. ठरवीन तां ठरला, मंग रडाचा नाय." मी म्हटलं, ठरला! उपास तिथंच सोडला. येत्या रविवारी ठाकुर्लीच्या मैदानावर आमची उपांत्य फेरी होती. त्या सामन्यावर माझं सगळं लागलेलं. सोमवारी सकाळी मी कोपरीचा पूल ओलांडून वागळेला जाणार, की साखरपुड्याची साडी बघायला बाजारात.

आणि गुरुवारी सरावाला माझा गुडघा मुरगळला. कुणी धक्का दिला नाही, काही नाही. वळायला गेले आणि आतून कट्ट असा आवाज आला. सुमननं ऐकला. मी तिला म्हटलं, तोंड उघडलंस तर बघ. सरांना सांगितलं नाही. घरी आले तर आईनं मी उंबरा ओलांडतानाच ओळखलं. रात्री तिनं आंबेहळद उगाळून, तुरटी घालून, गरम लेप करून गुडघ्याला बांधला आणि म्हणाली, "रविवारी धावशील?" म्हटलं, धावीन. म्हणाली, "खोटी." पण तिनंही बाबांना सांगितलं नाही. आता तुम्ही म्हणाल, ताई, तुम्हीच आम्हाला शंभरदा बजावता, दुखतंय तर सांगा, लपवलंत तर संघातून काढीन. हो, बजावते. कुणाकडून शिकले असेन मी ते?

रविवार उजाडला. सकाळी सात वाजता सरांचा निरोप. लेथवरचा दुसरा माणूस आला नाही, जास्तीची शिफ्ट पडली, मला सोडत नाहीत. निरोपाबरोबर एक कागद, त्यावर अकरा नावं, खाली राखीव तिघींची नावं, आणि शेवटी एकच ओळ: बाकी तू बघ. हातात कागद धरून मी हसले. म्हटलं, बघते की! मला काय त्याचं? माझ्या डोक्यात एकच, बाबा येणार आणि मला बघणार. ते एकटे येतील असं मला वाटलेलं. पण मैदानात पोचून आम्ही बूट बांधतोय तोवर मामाचा भाजीचा टेंपो आला आणि त्यातून उतरायला लागली माणसं. आधी बाबा, डोक्याला टोपी, हातात छत्री. मग आई. मग आत्या, कमरेला पदर खोचून. मग दोन्ही भाऊ, वहिनी, शेजारच्या तिघी, भाकऱ्यांची पाटी, पाण्याची कळशी. टेंपोला अजून मेथीचा वास. आत्यानं सीमारेषेला लागून गोधडी अंथरली आणि लाइनमनला म्हणाली, "तू जरा सरक रं, आमची पोर दिसत नाय."

समोर कल्याणचा संघ. त्यांच्याकडे एक उंच पोरगी होती, कमरेपर्यंत वेणी, पाय असे की वाऱ्यालाही मागे टाकतील. आमची बचावाची फळी चौघींची, मधे मी, डावी-उजवीकडे सुमन आणि कोपरीचीच आणखी एक. चौथी तेवढी ठाणे शहरातली. आमची रीत साधी. सगळ्यांनी एका रेषेत राहायचं. समोरची पोरगी आपल्या रेषेच्या मागे शिरून पास घ्यायला लागली की ऑफसाइड, पंचाची शिट्टी, चेंडू आपला. पण चौघींपैकी एक जरी रेषेच्या मागे राहिली तर ऑफसाइड नाही. मग ती मोकळी सुटते आणि गोलकीपरचं काही खरं नाही. हे सगळं मला पाठ होतं. मीच इतरांना शिकवायचे.

शिट्टी झाली आणि पहिली पाच मिनिटं मी अशी खेळले की विचारू नका! चेंडू आला की मी, उसळला की मी. वेणीवालीच्या पायातून एकदा असा काढून घेतला की आत्या गोधडीवर उभी राहिली, "ती बगा, ती आमची! वहिनी, बगितलास काय?" मी चोरून बाबांकडे बघितलं. छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून बसलेले. मग गुडघा आतून गरम व्हायला लागला. मग जड. बाराव्या-पंधराव्या मिनिटाला कल्याणच्या पोरीनं लांब पास मारला, वेणीवाली सुटली. मी हात वर केला, "ऑफसाइड! पंच, ऑफसाइड!" हात वर करून उभी राहिले तशीच. पंच शिट्टी मारेना. वेणीवाली गेली, गोलकीपरला चुकवलं, गोल! मी पंचावर धावून गेले. पंच वयस्कर गृहस्थ, शांतपणे म्हणाले, "बाई, सगळ्या होत्या पुढं. मागे तुम्हीच होतात."

मागे वळून बघितलं. खरंच. तिघी एका रेषेत आणि मी दोन पावलं मागे. गुडघ्यामुळे पाऊल वेळेवर उचललंच नव्हतं आणि मला कळलंही नव्हतं.  मला समोर चेंडू दिसत होता, ती वेणी दिसत होती, आणि माझा पाय. बाकी काही नाही. पुढच्या दहा मिनिटांत हेच अजून दोनदा झालं. एकदा गोलकीपरनं वाचवलं, एकदा खांबानं. सुमन दात-ओठ खात जवळ आली, "शेवंते, तू मागं राहतेस. खळगा पडतोय." ती तसंच म्हणाली, खळगा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

आमच्या राखीव तिघींमध्ये एक कुंदा होती. डोंबिवलीची, कारखान्यात टायपिस्ट, चष्मा काढून खेळायची आणि अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायची. तिचं नि माझं जमायचं नाही. एकदा तिनं मला सगळ्यांसमोर ऐकवलेलं, "शेवंती, तू फार छान खेळतेस, पण एकटीच खेळतेस." तेव्हापासून मी तिला पास द्यायचे नाही, ती मला चहा द्यायची नाही. आता कुंदा बाहेर उभी, आणि मी आत. कागदावर सरांची ओळ. नियम असा की बाहेर गेलेलीला परत आत येता येत नाही. एकदा गेलं की गेलं. गोधडीवर बाबा. आयुष्यात एकदाच आलेले. अर्धा तासही झालेला नाही. मी जर बाहेर गेले तर त्यांनी काय बघितलं? पोरगी आली, गोल खाल्ला, बसली! दिव्याची माणसं जिंकली!

आणि मी राहिले तर? तर आम्ही हरणार, हे मला स्वच्छ कळत होतं. आतल्या अकरा पोरींत हे फक्त मला आणि सुमनला कळत होतं.

मी पंचांना हात केला. दंडावरची कॅप्टनची पट्टी सोडली, लंगडत रेषेपाशी गेले आणि कुंदाच्या दंडाला बांधायला लागले. गाठ बसेना. कुंदा म्हणाली, "अगं, वेडी आहेस का? तुझे वडील आलेत ना?" मी म्हटलं, "म्हणूनच लवकर जा, नाहीतर माझा विचार बदलेल." तेवढ्यात आत्याचा आवाज, ठाकुर्लीपासून कल्याणपर्यंत गेला असेल, "अगो शेवंते, कं चाललीस? आमी आत्ताशी त आयलू!" वहिनी म्हणाली, पाणी प्यायला चाललीय. भाऊ म्हणाला, नाय गं, काढली तिला. आत्या म्हणाली, कोनी काढली, दाखव मना! आणि छत्री उचलून निघाली. आईनं तिचा पदर धरून ठेवला.

मी खाली बसले. दहा श्वास रडले असेन, जास्त नाही. डोळे पुसून वर बघितलं, आणि पोरींनो, काय सांगू तुम्हाला! मैदान उघडलं! सुमन आणि उजवीकडच्या पोरीच्या मधे केवढी जागा, तिथून टेंपो गेला असता. कुंदा घाबरून मागे सरकतेय, डावीकडची घाईनं पुढे पळतेय. आत असताना यातलं काही, अगदी काही दिसलं नव्हतं. इथं बाहेरून प्रत्येक फट दिसत होती, फट पडायच्या आधी दिसत होती. मी कधी उठले मला माहीत नाही. तोंडातून कुठल्या सूचना गेल्या नाहीत, सरांसारखं इंग्रजीही नाही. तोंडातून आलं ते हे: "हाऽऽऽऽ"

सुमनची मान ताठ झाली. कोपरीची दुसरी पोरगीही तशीच. जशी चिखलात व्हायची तशी. वेणीवालीकडे पास येत होता. मी थांबले, थांबले, आणि मग सगळा जीव एकवटून, "टाच!" चौघींचं एकच पाऊल पुढे! वेणीवाली एकटी पलीकडे राहिली. पिर्रर्र! ऑफसाइड! कुंदाला काही कळलं नव्हतं, ती नुसती सुमनच्या खांद्याकडे बघून हलली होती, ठाण्याची पोरगीही तशीच. सुमन कुंदाला म्हणाली, "हाकेवर श्वास धर, टाचेवर उचल." दोन वेळा चुकली, तिसऱ्यांदा जमली. हुशारच होती ती. त्यानंतर वेणीवाली किती वेळा अडकली मी मोजलं नाही. ती पंचाशी भांडली, आपल्याच कोचशी भांडली, शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ये आंटी कुछ मंतर बोल रही है!" आंटी! बावीस वर्षांची होते मी!

मध्यंतरानंतर कुंदानंच लांब पास दिला त्यावर आमची बरोबरी झाली. एक-एक. मी रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत पळत होते, लाइनमन बिचारा मला चुकवत धावत होता. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असतील. कॉर्नर मिळाला. मी सुमनला हातानं खूण केली, जा तू पुढं. ती म्हणाली, मागं कोण? मी ओरडले, "मागं मी बघते!" आता मी बाहेरून काय बघणार होते देव जाणे, पण ती गेली. चेंडू आला, दोघी-तिघींच्या डोक्यांवरून गेला, आणि सुमननं तो डोक्यानं नाही, तोंडानं नाही, चक्क खांद्यानं आत ढकलला. गोल! मी तिथंच दोन्ही पायांनी उडी मारली आणि गुडघ्याचं उरलंसुरलं काम तमाम केलं. पडल्या-पडल्या हसत होते. आत्या मैदानात शिरली. पंचांनी तिला बाहेर काढलं आणि मगच राहिलेली दोन मिनिटं खेळवली.

जिंकलो! मला उचललं, टेंपोच्या फाळक्यावर बसवलं, पाय लांब करून. भाकऱ्या निघाल्या, तळलेले बोंबील निघाले, कल्याणच्या दोन पोरीही येऊन खाऊन गेल्या, वेणीवालीसकट. पण मी माझी भाकरी सुमनच्या हातात दिली. बाबांचा निकाल अजून यायचा होता. टेंपो सुरू झाला. आत्याच तेवढी बोलत होती, "एवरा लांब आयलू, नि हिनं बसून घेतला. त्या चश्मेवालीला खेलवला. काय म्हनाचा हिला?" मग माझ्या कानाशी येऊन, म्हणजे तिच्या मानानं हळू, म्हणाली, "पन तू ती हाक मारलीस ना, तवा तुजा बा उबा राह्यला. टोपी डोक्यावशी पडली, त्याला सुद नाय." मी बाबांकडे बघितलं. ते मागच्या रस्त्याकडे बघत होते. शिळफाटा गेला. शेवटी आईलाच राहवेना. म्हणाली, "दिव्याचा मानूस उद्या यील. त्याला काय सांगाचा?"

बाबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. म्हणाले, "सांग, पोर कामावर हाय."

 मग बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "ती डावेकडची हाय ना, ती घाई करते. तिला सांग, आदी ऐकावा, मंग पाय उचलावा. आनि सोमवारी गुडगा दाखव कोनाला, लंगडत कामाव जाऊ नको." एवढंच. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि एवढी हसले, एवढी रडले, की मामानं पुढून विचारलं, पोर बरी हाय ना?

फायनल आम्ही हरलो, ते तुम्हाला माहीतच आहे, आणि माहीत नसेल तर विचारू नका. गुडघा बरा व्हायला त्या वर्षीचा अख्खा पावसाळा गेला. नंतर चार वर्षं मी परत खेळले, कॅप्टनचीच पट्टी बांधून, पण त्या दिवसानंतर माझ्या खेळण्यात फरक पडलेला. आत असले तरी एक डोळा बाहेर उभा असायचा. आणि ज्या दिवशी सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी कोच म्हणून माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नावच घेतलं नाही. पुढं तो कारखाना बंद झाला, संघ विखुरला, मी डोंबिवलीला आले, तुम्ही एकेक करून माझ्या वाट्याला आलात. तुमच्यातल्या कितीजणींना मी चालू सामन्यात बाहेर काढलं असेल! बाटल्या आपटल्यात, रडलात, एकीनं तर महिनाभर अबोला धरला. मी तेव्हा कधी समजूत घातली नाही, कारण त्या वेळी समजूत पटत नसते, मला पक्कं माहीत आहे. नुसती शेजारी जागा करून द्यायचे आणि म्हणायचे, बस, आता बघ.

आता बघायला फक्त मी उरलेय. एक मुंब्र्याला, एक पुण्याला, दोघी तर परदेशात. मुलांच्या परीक्षा, सासूची तब्येत, ऑफिसचं ते हे. सगळं मान्य. पण रविवारी पाच वाजता नव्या पोरी येतात, त्या प्लॅस्टिकच्या गवतावर पळतात, आणि मी शेजारी वळून काही बोलायला जाते तर तिथं कुणी नसतं. ओरडून दम लागत नाही गं मला, त्या रिकाम्या जागेनं लागतो. तेव्हा या. सगळ्या मिळून नाही जमलं तर एकेकटी या, पण या महिन्यात या, दिवाळीनंतर बघू म्हणू नका. आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे तांदळाचं पीठ जास्त भिजवीन. आणि बूट घेऊन यायचं. वय झालं, वजन वाढलं, असलं मला सांगायचं नाही. दहा मिनिटं खेळवीन आणि मग मीच बाहेर बोलवीन, माझ्याजवळ बसायला.